शिरढोणच्या वाड्यात आपली एक भिंत

(कामोठे इथे १७ फेब्रुवारीला युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. पुनरुक्ती तेवढी काढली.)



आज १७ फेब्रुवारी. वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात मेले ती तारीख. साल १८८३. आज शिरढोणला हार पडतात, भाषणं होतात. पडोत, होवोत. पण हीच तारीख आणखी एका माणसाची हाय. १७ फेब्रुवारी १८८१. त्या दिवशी पुण्यात लहुजी साळवे गेले. लहुजी वस्ताद. मांगाच्या घरात जन्मलेला मल्ल. फडके दांडपट्टा शिकले ते ह्यांच्या तालमीत. वस्ताद आणि चेला, दोन वर्षांच्या अंतरानं एकाच तारखेला गेले. आता इथं बसलेल्यांत हे किती जणांना ठाऊक होतं, हात वर करा. बघा. चार हात. शाळेच्या पुस्तकात चेला होता, वस्ताद नव्हता.

मला आज ह्यावरच बोलायचंय. विषय वाड्याचा हाय, पण वाड्याच्या आडून आपला हाय.

कामोठ्यातून निघा, पळस्पे फाट्याला गोवा हायवे धरा, कर्नाळ्याच्या वाटेवर शिरढोण लागतं. तिथं फडक्यांचा वाडा. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते ह्या वाड्यात जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, १८१८ साली किल्ला इंग्रजांनी घेतला. वाडा पार मोडकळीला आला होता. मग सरकारला जाग आली. वाडा संरक्षित स्मारक झाला, पुरातत्त्व खात्याच्या हाती गेला, दुरुस्त होऊन पुन्हा उभा राहिला. चांगलं झालं. मी त्यावर थुंकायला उभा राहिलेलो नाही.

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, बामणाचा वाडा तो, पडला काय आणि राहिला काय, आपल्याला काय त्याचं? हा राग मला समजतो. आपल्या बापजाद्यांनी वाड्यांची फक्त मागची बाजू बघितली. मेलेलं ढोर ओढायला मागच्या दारानं, लाकडं फोडायला मागच्या अंगणात, शिळं घ्यायला पदर पसरून चार हातांवर. वाडा म्हटला की आपल्या अंगावर काटा येतो, तो उगाच येत नाही. पण दोस्तांनो, राग खरा असला तरी हिशोब चुकतोय. कसा, ते सांगतो.

हा वाडा आता फडक्यांचा राहिला नाही. सरकारचा झाला, म्हणजे लोकांचा झाला. त्याच्या कौलाला, चुन्याला, वाशाला जो पैसा लागला तो सरकारी तिजोरीतला. तिजोरीत पैसा कुणाचा? काडेपेटी घेताना तुम्ही कर देता. माझी म्हातारी साबणाच्या वडीवरसुद्धा आयुष्यभर देत आली. मग त्या भिंतीत आपला चुना नाही काय?

आता महाड आठवा. आपल्याच जिल्ह्यातलं. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला. सरकारी पैशानं बांधलेली, सरकारी पैशानं चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पाणी मिळालं का? नाही मिळालं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चालत गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून त्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. खटला चालला, तो १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपल्या बाजूनं सुटला. चौदा वर्षं लागली ठरावापासून निकालापर्यंत.

तेव्हा प्रश्न तळं कुणी खोदलं असा नव्हता. तळं सार्वजनिक हाय की नाही, एवढाच होता. वाड्याचंही तेच हाय. सार्वजनिक झाला ना? मग आत जायचं. नुसतं बघायला जायचं नाही, आपलं ठेवायला जायचं. माझं म्हणणं हे की शिरढोणच्या ह्या वाड्यात अख्ख्या पनवेल तालुक्याच्या इतिहासाचं संग्रहालय व्हावं, आणि त्यातली पहिली भिंत ज्यांना वाडा नव्हता त्यांची असावी.

कोण ते, ते आता सांगतो.

१८७६-७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, बंधारे, खडी. सर रिचर्ड टेंपल नावाचा साहेब आला आणि त्यानं हिशोब मांडला की मोठ्या माणसाला दिवसभर खडी फोडायला एक पौंड धान्य पुष्कळ झालं. वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मी गोदीत माल उचलणारा माणूस हाय. अंगमेहनतीला किती भाकरी लागते हे मला कुणी शिकवायला नको. त्या मजुरांनी काय केलं माहित हाय? मुंबई इलाख्यात कामं टाकून हजारो मजूर उठले. संप केला, १८७७ साली. संप हा शब्दही ज्यांच्या कानावर आला नव्हता त्यांनी केला. हे मजूर कोण? महार, मांग, कुणबी, धनगर, भूमिहीन. त्यांचं एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही.

हा दुष्काळ फडक्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुण्यात लष्करी हिशोबाच्या कचेरीत नोकरी होती, ती सोडली आणि बंड उभं केलं. त्यांना पांढरपेशे भेटले नाहीत. भेटले असतील ते सभेत टाळ्या वाजवणारे. हत्यार घेऊन बाहेर पडले ते रामोशी, कोळी, धनगर, मांग. २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. त्यानंतर एकामागून एक.

आणि आता कान देऊन ऐका, कारण हे आपल्या दारातलं हाय. १० मे १८७९. दौलतराव नाईक नावाचा रामोशी पुढारी टोळी घेऊन घाट उतरून खाली कोकणात आला. पळस्पे आणि चिखली लुटली. पळस्पे! जिथं तुम्ही एसटी बदलता, वडापाव खाता, ते पळस्पे. दीड लाखाच्या आसपास लूट झाली म्हणतात. लूट घेऊन घाटावर परतताना मेजर डॅनियलच्या फौजेनं गाठलं आणि दौलतराव गोळी लागून मेला. तो गेला आणि बंडाचा कणा मोडला. त्यानंतर फडके दक्षिणेकडे गेले. जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावदगीला पकडले गेले. खटला, जन्मठेप, एडन. त्यांनी एडनच्या तुरुंगातल्या कोठडीचं दार बिजागरीतून उखडलं आणि पळाले. पुन्हा पकडले गेले. मर्द माणूस. मी त्यांच्या नावातलं एक अक्षर कमी करायला सांगत नाही.

पण दौलतराव नाईकाचा वाडा कुठाय? जन्मगाव कोणतं, आईचं नाव काय, मागं पोरंबाळं होती की नव्हती? पळस्पे फाट्यावर एवढे बोर्ड हायत. बिल्डरचे, बाबांचे, वाढदिवसाचे. दौलतरावाचा एक वीतभर दगड नाही. एकाच बंडात दोघं मेले. एकाला वाडा होता म्हणून त्याची आठवण राहिली. दुसऱ्याला नव्हता, तो पोलिसांच्या कागदात दरोडेखोर म्हणून राहिला. आठवण ठेवायलासुद्धा छप्पर लागतं, दोस्तांनो.

पुस्तकं सांगतात, रामोशी लुटीच्या वाटणीसाठी येतात म्हणून फडके नाराज होते. असतील. ज्यानं दुष्काळात पोर पुरलंय तो वाटणी मागणारच. पगारी नोकरी सोडून बंडात आलेल्या माणसाची भूक आणि उपाशीपोटी बंडात आलेल्या माणसाची भूक एक नसते. संग्रहालयात हेही लिहा. लपवायचं काय त्यात? बंड म्हणजे देव्हारा नव्हे.

आणि ह्या लोकांचं पुढं काय झालं? रामोशी गुन्हेगार जमातीच्या यादीत गेले. जन्माला आलं की गुन्हेगार. हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. देश १९४७ ला सुटला, हे कायद्यानं सुटले ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं उशिरा. त्याच झेंड्याखाली.

आता आद्य क्रांतिकारक हा शब्द घ्या. फडक्यांना लावतात. उमाजी नाईकाला पुण्यात फाशी दिलं ३ फेब्रुवारी १८३२ ला. तेव्हा फडके जन्मायचे होते. फडक्यांच्या बंडाच्या सत्तेचाळीस वर्षं आधीची गोष्ट. मग आद्य कोण? गणित सोपं हाय, पण हे गणित करताना आकड्याच्या आधी जात बघतात. फडक्यांनी ही पदवी मागितली नव्हती. ती देणाऱ्यांना आपण विचारतोय.

लहुजींचंही तसंच. त्यांचे वडील राघोजी खडकीच्या लढाईत १८१७ ला पडले. लहुजींनी तालीम घातली, त्यात बामण, मराठा, मांग सगळे घुमले. जोतिबांनी शाळा काढली तेव्हा वस्तीतली पोरं शाळेत धाडायला लहुजी उभे राहिले. त्यांच्याच घरातल्या मुक्तानं, चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं, १८५५ साली निबंध लिहिला, ज्ञानोदयात छापून आला. धर्म नेमका कुणाचा, हे तिनं विचारलं. एका तालमीच्या मातीतून एवढं उगवलं. शिरढोणच्या वाड्यात फडक्यांच्या तसबिरीशेजारी लहुजींची तसबीर लागलीच पाहिजे. खाली नाही, बाजूला.

आता दुसरी गोष्ट. इमारत जुनी झाली की तिला कोण इतिहास म्हणतो आणि कोण धोकादायक म्हणतो?

पुण्याच्या बुधवारातला भिडे वाडा. १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथं. देशातल्या कितीतरी वाड्यांना आधीच पाट्या लागल्या, ह्याला काय मिळालं? खाली दुकानं, वरती पडझड. वर्षानुवर्षं कोर्ट. निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात पाडला. तिथं नवं स्मारक होणार हाय. होवो. पण सावित्रीबाई ज्या जिन्यानं चढल्या तो जिना परत येणार नाही. वेळेवर दोन वासे बदलले असते, कौलं शाकारली असती, तर वाडा उभा असता.

दुसऱ्यांचंच सांगतो असं नको. दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस. बाबासाहेबांचा छापखाना. आपण आज हे मासिक छापतो, त्याची नाळ त्या छापखान्याशी. २५ जून २०१६ ला पहाटेच्या अंधारात बुलडोझर घालून पाडला. इमारत धोकादायक झाली, हे कारण. ट्रस्ट कुणाचा होता? आपल्याच माणसांचा. सतरा मजल्यांचा नकाशा दाखवत होते. १९ जुलैला मुंबईत लाखावर माणूस रस्त्यावर उतरला, पण तोवर खिळे मातीत मिसळले होते. मोर्चा काढायला आपण पटाईत. भिंत पडायच्या आधी कौल बदलायला मात्र आपल्यात कुणी नसतो.

आणि वरळी. बीडीडी चाळी. मुंबईत एकूण २०७ इमारती, १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या. खोली १६० चौरस फूट. त्यात गिरणीवाला, गोदीवाला, झाडूवाला, पोलीस, सगळा संसार. जानेवारी १९७४ ला पँथरच्या सभेवरून तिथं दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात वरून दगडी पाटा आला आणि भागवत जाधव पडला. आता त्या चाळी जाऊन टॉवर होतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० फुटांची घरं. आनंद हाय. १६० फुटांत राहा आणि इतिहास जपा असं मी कुणा आयाबहिणीला सांगणार नाही. पण एक खोली ठेवा. मोरी, फळी, सामायिक नळ, जिना, जशाच्या तशा. पुढच्या पोराला आत उभं करून सांगता येईल, बाबा, इथं नऊ माणसं निजत होती आणि इथंच कविता लिहिल्या गेल्या.

परत शिरढोणला येऊ. वाडा उभा करणं म्हणजे काय काम असतं, तेही बोलू. जुन्या भिंतीला सिमेंट चालत नाही. सिमेंट ओल आत कोंडतं, भिंत आतून फुगते आणि खपल्या सुटतात. चुनाच लागतो. चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू घालून घाणीत मळायची. त्यात गूळ पडतो, हिरडा पडतो, बेलफळाचं पाणी पडतं. दिवसचे दिवस मुरवायचा. त्यात हात घालणाऱ्याची कातडी सोलते. हे काम कोण करतो? वडार, बेलदार, गवंडी, सुतार, टोपली वाहणाऱ्या बाया. वाडा पहिल्यांदा बांधला तेव्हाही हेच, दुरुस्त केला तेव्हाही हेच. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर नाव मात्र मंत्र्याचं. कुठल्याही जुन्या वास्तूची दुरुस्ती घ्या, पाटीवर गवंड्याचं नाव मला दाखवा.

आता कुणी विचारेल, तुमच्याकडं ठेवायला हाय काय? तलवार नाही, सनद नाही, पालखी नाही. खरंय. आपल्याकडं राजेशाही सामान नाही. पण वेसकराची घुंगरकाठी हाय कुठल्या तरी आड्याला अडकवलेली. महारकी वतनाचे कागद हायत. ती वतनं १९५८ च्या कायद्यानं मोडली, कागद अजून ट्रंकेत हायत. मिठागरातलं फावडं हाय. गोणीत रुतवायचा लोखंडी हूक हाय, आता न्हावाशेव्याला सगळं कंटेनरमध्ये आलं तरी जुन्या हमालांनी तो टाकला नाही. कातकऱ्यांकडं कोळशाच्या भट्ट्यांच्या आठवणी हायत. म्हाताऱ्या हायत, जात्यावरची बाबासाहेबांची गाणी पाठ असलेल्या. त्या एकेक करून चालल्या. वाडा शंभर वर्षं थांबतो. म्हातारी थांबत नाही.

आणि हा तालुका, ही खाडीपट्टी केवढी हाय! पलीकडं उरणात चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, गोळीबार. १९७० ला सिडको आलं, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आपलं कामोठंही. जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या लढ्यात जासई-दास्तानला पाच शेतकरी गोळीला बळी पडले. तेव्हा कुठं साडेबारा टक्के पदरात आले. ते मिळाले सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात राबत होता, त्याची मोजणी वेगळी आणि तोकडी. आज कामोठ्यात टॉवरच्या सावलीत उभं राहून कुणाला सांगा इथं भात होतं, मीठ होतं, लोक हसतात. शहराला वाटतं आपण इथं कोऱ्या पाटीवर उगवलो. पाटी कोरी नव्हती, पुसलेली हाय. पुसणाराच्या हातात ओला बोळा होता आणि आपल्या हातात पेन्सिल नव्हती.

म्हणून आपल्या मागण्या. साध्या हायत, लिहून घ्या.

एक. शिरढोणच्या वाड्यात तालुक्याचं संग्रहालय. त्यात दौलतराव नाईक, लहुजी साळवे आणि बंडातल्या रामोशी, कोळी, धनगर, मांग साथीदारांची भिंत. जी नावं कागदात सापडतील ती सगळी. जी सापडणार नाहीत त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवायची, बुजवायची नाही.

दोन. पळस्पे फाट्यावर दौलतरावाच्या नावाचा दगड. मे १८७९, एवढी तारीख त्यावर.

तीन. दुरुस्तीत राबलेल्या प्रत्येक गवंड्याचं, सुताराचं, टोपली वाहणाऱ्या बाईचं नाव वाड्याच्या पाटीवर. हजेरीपत्रक असतंच ना ठेकेदाराकडं? मग नावं हायत.

चार. संग्रहालयाच्या समितीत आपली माणसं, कातकरी वाडीतली माणसं, आगरी-कोळी गावातली माणसं. हार घालायला नाही, काय ठेवायचं आणि काय लिहायचं ते ठरवायला.

निवेदन देऊ. एकदा देऊ, दोनदा देऊ. नाही ऐकलं तर १० मे ला पळस्पे फाट्यापासून शिरढोणपर्यंत चालत जाऊ. महाडला लोक चालतच गेले होते.

पण निवेदनाच्या आधी आपलं काम. कारण उद्या त्यांनी भिंत दिली आणि तिच्यावर लावायला आपल्याकडं काही नसलं, तर ते पुन्हा तसबीर लावतील आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवू. प्रत्येकानं एक म्हातारा किंवा एक म्हातारी धरा. आपली, शेजारची, कुणाचीही. मोबाईल समोर ठेवा, रेकॉर्ड लावा, आणि चार गोष्टी विचारा. पाणी कुठून भरायचात? मजुरी काय मिळायची? गावात कुठं जायला मनाई होती? आणि पहिल्यांदा ती मनाई कुणी मोडली? तारीख आठवत नसली तरी चालेल, त्या साली पाऊस कसा होता ते विचारा, तारीख आपण काढू. ट्रंकेतला कागद फेकू नका, फोटो काढून आणा. हूक, काठी, फावडं, जे असेल त्याला गंज लागला तरी घासू नका, तसंच आणा.

येत्या रविवारी सकाळी नऊला मानसरोवर स्टेशनबाहेर जमायचं. तिथून पळस्पे, पळस्प्यावरून शिरढोण. वह्या सोबत घ्या. वाडा आतून-बाहेरून बघू, आणि कुठली भिंत आपली ते ठरवूनच परत येऊ.

जय भीम. जय लहुजी.